एमए पॉलिटिकल सायन्स : थिसिस घ्यावा की परीक्षेचा पर्याय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमए पॉलिटिकल सायन्सचं पहिलं वर्ष संपत आलंय आणि आता थिसिस की कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा (थिसिसऐवजी सगळ्या विषयांवर मिळून द्यायची परीक्षा) ते ठरवून फॉर्म भरायचाय. डिग्रीला क्रेडिट पूर्ण लागतातच, त्यात राजकीय सिद्धांत, तौलनिक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध यातले कोअर पेपर आणि रिसर्च मेथड्स कंपल्सरी, ते सगळं झालंय, फक्त स्टॅटिस्टिक्सचा पेपर राहिलाय, रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध मोजायची पद्धत) आलं की माझं डोकं बंद पडतं, बीएला गणित नव्हतंच ना.

मला मनापासून थिसिसच करायचाय, विषय पक्षांतर आणि आघाडी सरकारं. पण आधी प्रपोजल मंजूर व्हायला हवं, गाइड मिळायला हवा, मुलाखती घ्यायच्या तर एथिक्सची म्हणजे संशोधनाच्या नैतिक नियमांची परवानगी, आणि शेवटी व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा, हे सगळं एका वर्षात बसतं का हो? पुढे पीएचडी करायचीये म्हणून परीक्षेचा पर्याय घ्यायला मन होत नाही.

ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, प्रपोजलमध्ये संशोधन प्रश्न किती नेमका लागतो? आणि आकडेवारी टाळून फक्त केस स्टडीवर थिसिस केला तर पीएचडीच्या प्रवेशाला अडचण येते का?