सॉल्टेअरला लहानपण गेलेलं इथे कुणी आहे का?

यॉर्कशरमधल्या सॉल्टेअरला १९७०च्या दशकात वाढले मी. बाबा गिरणीत रात्रपाळीला. सकाळी त्यांच्या कोटाला लोकरीचा तेलकट वास यायचा, अजून नाकात आहे. आम्ही कॅरोलाइन स्ट्रीटवर खेळायचो. ही कॅरोलाइन कोण हो?

– टायटस सॉल्टची बायको. त्यानं १८५३ साली गिरणी सुरू केली, कामगारांसाठी गाव वसवलं, रस्त्यांना घरच्यांची नावं दिली. पब मात्र एकही बांधला नाही.

– गिरणी १९८६ला बंद पडली. ताई, शिप्ली ग्लेनची ट्राम आठवते का? १८९५ची आहे ती!

– आठवते तर! चढावर आई माझं मनगट घट्ट धरायची. बाबा रविवारीच सोबत असायचे, तेही डुलक्या घेत.