विहिरीला कठडा की पाठीला डबा? दिव्यांग मुलांच्या हातातील मोबाईल

तापीकाठची आई (चोपडा):
काल पालकांच्या गटावर धुळ्याच्या एका भाऊंनी लिहिले की दिव्यांग मुलाच्या हाती मोबाईल देणे म्हणजे कठडा नसलेल्या विहिरीवर लेकराला खेळायला सोडणे होय, म्हणून अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला फोन देऊच नये. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग पाहून मला राहवले नाही. भाऊ, आपल्याकडे विहिरीला भिऊन कोणी पोरे घरात कोंडत नाही. पाठीला डबा बांधून पोहायला शिकवतात. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला ऐकू येत नाही. ती जळगावला वसतिगृहात राहून शिकते आणि रात्री व्हिडिओ कॉलवर माझ्याशी हातांनी बोलते. तुमच्या मुलाचा फोन काढून घेतला तर त्याचा खेळ थांबेल. तिचा काढून घेतला तर तिचे बोलणेच थांबेल.

धोका मला ठाऊक नाही असे समजू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती घरी आली तेव्हा कळले की एका अनोळखी माणसाने तीन आठवडे खुणांच्या भाषेत तिच्याशी मैत्री वाढवली होती आणि शेवटी नको तसा फोटो मागितला होता. तिने फोटो पाठवला नाही, पण मला सांगितलेही नाही. का, असे विचारल्यावर तिने खुणेने दाखवले की तू फोन घेशील. त्या माणसानेही तिला हीच भीती घालून ठेवली होती. म्हणजे तुमचा उपाय त्याने तुमच्याआधीच वापरून पाहिला होता.

धुळेकर बाप:
ताई, विहिरीचीच गोष्ट काढलीत म्हणून विचारतो: डबा बांधून पोराला पाण्यात सोडणारा काका काठावर बसलेला असतो. इथे काठावर कोण बसणार? मी सकाळी सातला कामावर जातो आणि रात्री आठला परततो. माझा मुलगा सतरा वर्षांचा असला तरी त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी आहे, आणि त्याला रोज सकाळी फुलांचे चित्र पाठवणारा प्रत्येक माणूस त्याचा मित्र असतो. अनोळखी माणसाशी बोलू नकोस असे बजावले की तो म्हणतो, हा अनोळखी नाही, मला त्याचे नाव माहीत आहे. खेळातले हिरे देतो असे सांगून अशाच एका मित्राने क्यूआर कोड पाठवला आणि माझ्या फोनवरून चौदा हजार रुपये काढून घेतले. पिन माझा मुलगा माझी बोटे पाहून शिकला होता. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवले असते तर रक्कम अडवता येण्याची काही आशा होती. मला कळले तिसऱ्या दिवशी. तुमची मुलगी हुशार आहे, याचा आनंद आहे, पण तुमच्या घरचे माप आमच्या घराला लावू नका.

अमळनेरचा पांढरी काठीवाला:
काका, रागावू नका, पण पैसे ज्या फोनवरून गेले तो फोन तुमचा होता. मुलाला स्वतःचा फोन दिला नसता तरी ते गेलेच असते.

मी जन्मांध आहे आणि आता बावीस वर्षांचा आहे. फोनमधली टॉकबॅक ही सोय पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचते, पण चित्रात काय आहे ते ती दरवेळी सांगेलच असे नाही. नववीत असताना एका मित्राने शुभ सकाळ असे लिहून एक चित्र पाठवले आणि मी ते भक्तिभावाने वर्गाच्या गटावर पुढे धाडले. ते अश्लील होते. वर्ग हसला, मार मला बसला, आणि ज्याने पाठवले होते तोच पुढे दोन वर्षे माझा फोन सांभाळून देत असे, कारण माझा पासवर्ड त्यानेच ठेवला होता. आम्हाला अनोळखी माणसांपासून जपा असे सगळे सांगतात. मदतनिसापासून कसे जपायचे ते कोणी सांगत नाही. एसटीत बसलो असताना ओटीपी आल्यावर टॉकबॅक तो मोठ्याने वाचू लागते, म्हणून आधी इअरफोन घालावा, एवढी साधी गोष्टही मला शाळेत शिकवली गेली नाही.

धुळेकर बाप:
एका ओळीत बापाला खोटे पाडणे सोपे असते. एक दिवस येऊन सांभाळून दाखव.

शिरपूरचे निवृत्त गुरुजी:
भांडण बाजूला ठेवून ताईंना विचारतो, पोलिसांत तक्रार दिली का? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे ही प्रत्येकाची जबाबदारी आहे, आणि कलम २६ प्रमाणे दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची भाषा जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते.

तापीकाठची आई (चोपडा):
दिली, गुरुजी. ठाण्याचे नाव लिहीत नाही, पण खुणांची भाषा जाणणारे कोणी मिळेपर्यंत दोन दिवस गेले, आणि तोवर मीच अर्थ सांगावा असा आग्रह होता. आईसमोर मुलगी सगळे कसे सांगेल, हे मला त्यांना समजावून द्यावे लागले.

खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या माणसाला तिची शाळा आणि गाव कसे कळले? मागच्या वर्षी श्रवणयंत्र वाटपाच्या कार्यक्रमात तिचा फोटो काढला गेला आणि नाव, इयत्ता, शाळा व गावासह फेसबुकवर टाकला गेला. तिला ऐकू येत नाही हेही त्यातूनच जगाला कळले. आम्ही घरात कठडे बांधत बसलो आणि पाहुण्यांनी दार उघडे ठेवले.

साहित्य वाटप समिती (जळगाव):
हा आरोप मनाला लागला. आम्ही तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे आणि चष्मे स्वतःच्या खिशातून भर घालून वाटतो. फोटो दाखवला नाही तर देणगीदार पुढच्या वर्षी दारात उभे करत नाहीत. त्या दिवशी मंचावर आपण हसतच उभ्या होतात, हेही आठवावे.

तापीकाठची आई (चोपडा):
हसले होते, कारण यंत्र हातात पडायचे होते. त्या क्षणी नाही म्हणणारी आई मला दाखवा.

अमळनेरचा पांढरी काठीवाला:
मला मिळालेल्या पांढऱ्या काठीचे फोटो मी कधी पाहिले नाहीत, पण गावाने पाहिले आहेत. काठी दोन वर्षांत मोडली. फोटो अजून फिरतो.

शिरपूरचे निवृत्त गुरुजी:
समितीने एक विसंगती ध्यानात घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची अट कंपन्यांना घातली आहे. व्यापाऱ्याकडून आपण एवढी अपेक्षा करतो, आणि दात्याला मात्र साधे विचारायलाही सांगत नाही.

साहित्य वाटप समिती (जळगाव):
ठीक आहे. पुढच्या वर्षी फोटोत फक्त देणगीदार उभे राहतील आणि सायकलवरही तेच बसतील. समाधान झाले?

(थोड्या वेळाने) तो जुना फोटो काढून टाकला आहे. इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती आमच्या हातात नाहीत.

धुळेकर बाप:
माझ्या मुलाचाही असा एक फोटो आहे, आणि तो मीच अभिमानाने टाकला होता. खाली त्याची दिनचर्या, शाळेची बस आणि आवडता खेळ लिहिला होता. आज काढला. याचा अर्थ मी ताईंचे म्हणणे मान्य केले असा घेऊ नये.

अमळनेरचा पांढरी काठीवाला:
नाही घेत, काका. त्याला अनोळखी हा शब्द कळत नसेल तर तो सोडून द्या. ज्यांच्या घरी तो जेवला आहे अशा पाच-सहा माणसांचे फोटो फोनमध्ये ठेवा आणि एवढ्यांशीच बोलायचे असे शिकवा. आणि यूपीआयचा पिन बदला.

धुळेकर बाप:
पिन बदलला. पण त्याला कोणीही कुठल्याही व्हॉट्सॲप गटात ओढून घेते, ते कसे थांबवायचे?

तापीकाठची आई (चोपडा):
सेटिंगमध्ये प्रायव्हसी उघडा, त्यात ग्रुप्स, आणि तिथे माय कॉन्टॅक्ट्स निवडा. मग फक्त फोनमध्ये नाव जपलेली माणसेच त्याला थेट गटात घेऊ शकतील. मात्र ती यादी आधी तुम्ही स्वतः चाळा.

धुळेकर बाप:
यादीत एकशे बारा नावे निघाली; त्यांतली नऊ माझ्या ओळखीची आहेत. आज रात्री त्याच्यासोबत बसून बाकीची काढतो. फोन मात्र रात्री नऊनंतर माझ्या उशाशीच राहील.