फोटोच्या 'रिझोल्यूशन'ला मराठीत काय म्हणावं?

तलावपाळी
आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीला ५० वर्षं होतायत म्हणून स्मरणिका काढतोय. सभासदांकडून जुने फोटो मागवायची सूचना मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी मसुदा मोबाइलला भाषांतर करायला दिला, तर 'कमी ठरावाचे फोटो स्वीकारले जाणार नाहीत' असं आलं! सोसायटीच्या फळ्यावर 'ठराव' वाचला की लोकांना सर्वसाधारण सभाच आठवणार. मग मी 'सुस्पष्टता' लिहिलं. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "माझा फोटो मोबाइलवर चांगला स्पष्ट दिसतो की." त्यांचं चूक नाही. स्पष्ट दिसणारा फोटोसुद्धा छापायला कमी पडतो. मग नेमका शब्द कोणता?

सानपाडा११
'विभेदन'. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, रोजचा शब्द आहे. दुर्बिणीची विभेदनक्षमता म्हणजे अगदी जवळजवळ दिसणारे दोन तारे वेगवेगळे दाखवण्याची ताकद. फोटोतही तेच, दोन केस वेगळे दिसतात की एकच काळा पट्टा होतो. तयार शब्द असताना नवा कशाला शोधायचा?

कळवा_पूर्व
माझं डिझाइनचं काम आहे. 'विभेदन' म्हटलं तर गिऱ्हाईक फोन ठेवून देईल. आमच्याकडे 'फोटो फुटतो' म्हणतात, सगळ्यांना कळतं. मागच्या महिन्यात एक काकू वडिलांचा फोटो घेऊन आल्या, १२ बाय १८ इंचांची फ्रेम हवी होती. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, लांब बाजू १६०० पिक्सेल. १८ इंचांत १६०० म्हणजे इंचाला ८९ सुद्धा पडत नाहीत. स्क्रीनवर मोठा करून दाखवला. डोळ्याच्या बाहुलीचे चौकोन झाले होते आणि मिशी भिंतीच्या रंगात मिसळली होती. त्या गप्प झाल्या. मग भावाकडून तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवला, तो ४००० निघाला. इंचाला २२० च्या वर. फ्रेम सुंदर झाली. तेव्हा सूचनेत एवढंच लिहा: 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छापताना फुटेल.'

जुळाऱ्याची लेक
माझे वडील छापखान्यात जुळारी होते, अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्या काळी फोटोचा छपाईचा ब्लॉक बारीक जाळीच्या स्क्रीनमधून करायचे, भिंगाखाली नुसते लहानमोठे ठिपके दिसायचे. चांगल्या कागदाला इंचात ठिपक्यांच्या १५० ओळी. आज छपाईला सगळे इंचाला ३०० पिक्सेल म्हणतात ते त्याच्याच दुपटीतून आलंय. वडील म्हणायचे, "ठिपका दाट आहे" किंवा "विरळ आहे". म्हणून मी 'ठिपकेदाटी' सुचवते. मराठीच आहे, शिवाय मोजता येते.

सानपाडा११
ठिपके प्रिंटर टाकतो, फोटोत असतात ते पिक्सेल. डीपीआय (इंचाला किती ठिपके) आणि पीपीआय (इंचाला किती पिक्सेल) या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात घालू नका. 'चित्रबिंदू' म्हणा.

कोपरी
मुळाकडे चला. लॅटिनमध्ये रिझोल्वेरे म्हणजे सोडवणं, सैल करणं. गाठ सुटली की ठराव होतो आणि चित्र सुटं झालं की रिझोल्यूशन. मशीनने 'ठराव' दिला तो याच घरातला. आपल्याकडे त्याला 'उकल' आहे! धाग्याची उकल, कोड्याची उकल. 'या फोटोची उकल कमी आहे' कसं वाटतं?

कळवा_पूर्व
गुन्ह्याच्या बातमीसारखं वाटतं.

कोपरी
'महापौर' आणि 'चित्रपट' हे सावरकरांचे शब्दही आधी ऐकणाऱ्याला परकेच वाटले असणार. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही. आपणच पाठ फिरवली तर मराठीत नवं शास्त्र बोलायचं कसं?

जुळाऱ्याची लेक
पण वापरणाऱ्याचं काय? वडील 'कंपोझ'ही म्हणायचे आणि 'जुळवणी'ही. दोन्हींनी पुस्तकं निघाली. पिक्सेल हा शब्द आता आपलाच झालाय, त्याला घराबाहेर काढू नका.

तलावपाळी
सगळ्यांचे आभार, पण सूचना उद्या लावायची आहे. ६ बाय ४ इंचांच्या छपाईला १८०० बाय १२०० लागतात, बरोबर ना? 'लांब बाजू किमान १८०० पिक्सेल' असं लिहिलं तर शब्दच टळतो.

सानपाडा११
आकडा बरोबर. शब्द टाळणं मात्र मला पटत नाही.

कळवा_पूर्व
आणखी एक. सॉफ्टवेअरमध्ये इंचाला पिक्सेलचा आकडा नुसता ७२ चा ३०० करून पाठवू नका. पिक्सेल तेवढेच राहतात, एकही वाढत नाही. रोज कोणीतरी असं करून आणतं.

घणसोली
मधेच विचारतो. 'फोटो फुटतो' की 'फाटतो'? आमच्या ऑफिसात सगळे 'फाटतो' म्हणतात. मला ते हिंदीतून आल्यासारखं वाटतं.

जुळाऱ्याची लेक
कागद फाटतो, आरसा फुटतो. चित्राचे तुकडे दिसतात, म्हणून फुटतो.

घणसोली
मग दूध? माझी आजी 'दूध फाटलं' म्हणायची आणि तिला हिंदी अजिबात येत नव्हतं.

कोपरी
आमच्याकडे दूध नासतं.