पुण्यस्मरणाच्या मजकुरात ‘मनमिळाऊ’ पुरेना, दुसरा शब्द सुचवा

माशेलहून:
पुढच्या महिन्यात माझ्या पपांचं वर्षश्राद्ध. पेपरात द्यायचा मजकूर भावाने लिहून पाठवलाय: ‘प्रेमळ, मनमिळाऊ, धर्मपरायण व परोपकारी’. एकही शब्द खोटा नाही, पण वाचून पपा डोळ्यांसमोर येत नाहीत. गावातल्या कुणाच्याही फोटोखाली हा मजकूर खपून जाईल.

पपा भारी गमत्ये. पोदेर, म्हणजे आमच्याकडचा दारोदार फिरणारा पाववाला, वाजवतो तसला रबरी भोंपू त्यांनी कुठूनसा पैदा केला होता. संध्याकाळी पोदेराची वेळ झाली की तो यायच्या आधी हे खिडकीतून भोंपू वाजवायचे. शेजारणी पिशव्या घेऊन गेटपाशी. मग हे बाहेर येऊन हात जोडणार, “पाव ना, पूण च्या आसा, येयात!” आणि आईला खरंच आधण ठेवायला लावणार. खरा पोदेर आला की त्याच्याही हातात कप. एक शेजारीण तर म्हणायची, भोंपू खोटा आहे हे कळतं गो, पण चहा खरा असतो.

नातवंडं मोठी व्हायला लागली तसे हे लहान होत गेले. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावरच्या पोरांबरोबर पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात गवत भरत बसायचे. एका वर्षी त्याच्या नाकावर आपला जुना चष्मा चढवला आणि पहाटे काडी लावायच्या वेळी ओरडले, “राव रे, ताका मात्शें पळोवंक दी!” (थांब रे, त्याला जरा बघू दे!) आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव असतो. पंचाहत्तरी ओलांडली तरी अंगाला तेल चोपडून, नातवाचा हात धरून उतरलेच.

अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं? चार ओळींत बसेल असं हवंय.

म्हापशाहून:
‘मिश्कील’ लिहा. सभ्य आहे, छापायला शोभतो.

फोंड्याहून:
मिश्कील शोभतो, पण इथे कमी पडतो. मिश्कीलपणा डोळ्यांत आणि ओठांच्या कोपऱ्यात असतो. आरामखुर्चीत बसून एक वाक्य टाकणारा माणूस मिश्कील. भोंपू वाजवून अख्खी आळी गोळा करणाऱ्याला तो अपुरा.

बाकीचे शब्दही पारखून घ्या. ‘खुशालचेंडू’ नकोच. त्यातलं खुशाल फारसी ‘खुशहाल’वरून आलं, मूळ अर्थ चांगला. पण मराठीत खुशालचेंडू म्हणजे घरादाराची फिकीर नसलेला. तुमचे वडील तर शेजारणीला चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हते. ‘रंगेल’चा रोख भलतीकडे जातो, तो मजकुरात येताच कामा नये. ‘विनोदी’ म्हटलं की नाटकातला पार्ट आठवतो. ‘खोडकर’, ‘खट्याळ’ नातवाला ठीक, आजोबांना एकट्याने पेलत नाहीत. ‘हौशी’ त्यातल्या त्यात जवळचा. अरबी ‘हवस’ मराठीत येऊन किती निर्मळ झाली पाहा! पण हौस स्वतःपुरतीही असू शकते.

पेडण्याहून:
‘वल्ली’ कसा वाटतो? मूळ अरबी ‘वली’, म्हणजे साधुपुरुष. मराठीत आला आणि विलक्षण, अतरंगी माणसासाठी रुळला. आमच्याकडे दशावतारात संकासूर येतो, काळे कपडे, लांब लाल जीभ. लहान पोरं घाबरून आईच्या कुशीत शिरतात आणि तिथूनच हसत बघतात. माझे आजोबा थेट तसे होते, त्यांना सगळे वल्लीच म्हणायचे. तुमचं वाचताना तेच आठवले आणि भरून आलं.

फोंड्याहून:
वल्ली बोलताना गोड लागतो. छापील मजकुरात मात्र ‘विक्षिप्त’कडे झुकतो, आणि माया त्यात दिसतेच असं नाही.

साखळीहून:
विशेषण शोधताय म्हणून अडलंय, असं मला वाटतं. आपल्या मृत्युलेखांतली विशेषणं वापरून वापरून गुळगुळीत झालीत, त्यांत आणखी एक घालून काय होणार? मराठीची ताकद क्रियापदात आहे. हसणे–हसवणे, खेळणे–खेळवणे, नाचणे–नाचवणे. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात: करणारा एक, करायला लावणारा दुसरा. ‘खेळकर’ म्हटलं की ते स्वतः खेळायचे इतकंच कळतं. ‘खेळवणारे’ म्हटलं की समोर पोरं दिसतात, शेजारणी दिसतात, पोदेरसुद्धा दिसतो. तुम्ही सांगितलेल्या एकाही गोष्टीत पपा एकटे नाहीत. थट्टा करणारे पुष्कळ असतात, आणि ज्याची थट्टा होते तो बहुतेक वेळा बाहेर उभा राहतो. तुमच्या पपांनी ज्याची फिरकी घेतली त्याला घरात बोलावलं. हे ‘गमत्या’त येत नाही, मिश्कीलमध्ये तर नाहीच नाही. तेव्हा ‘-णारे’ लावून क्रियापदच लिहा, आणि चिखलकाला गाळू नका. पेपर आपल्याच लोकांच्या हातात जाणार, त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

जाता जाता: नावाआधी ‘कै.’ राहू द्या, मराठीत तेच रुळलेलं आहे. खाली ‘शोकाकुल’ मात्र काढा. तो निधनवार्तेतला शब्द. वर्षाने ‘विनम्र अभिवादन’ पुरे.

माशेलहून:
साखळीकरांनी अगदी नेमकं धरलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हसवणारे घाल, आणि रडवणारे पण घाल, गेल्यावर किती रडवलं त्यांनी.” ते घातलं नाही, पण तिचं खरं आहे. आता असं केलंय:

‘घरादाराला, शेजारपाजाराला हसवणारे, नातवंडांना खेळवणारे आणि त्यांच्यासोबत चिखलकाल्यात उतरणारे आमचे मिश्कील पपा, नातवंडांचे लाडके आजो, यांस प्रथम पुण्यस्मरणी विनम्र अभिवादन.’

‘मिश्कील’ भावाच्या हट्टाने राहिला. ‘आजोबा’ नको, ‘आजो’च हवं, हे नातवंडांनी ठरवलं. ‘मिश्कील’ की ‘मिश्किल’?

फोंड्याहून:
दीर्घ. गरीब, वकील यांसारखाच. विभक्ती लागली की ह्रस्व होईल, गरिबाला, वकिलाला तसा. पण तुमच्या ओळीत तो सुटा आहे. ‘यांस’ जरा जुन्या वळणाचा आहे, पण अशा मजकुरात चांगला दिसतो, बदलू नका. ‘पुण्यस्मरणी’ऐवजी ‘पुण्यस्मरणानिमित्त’ करा म्हणजे वाचताना अडणार नाही.

माशेलहून:
केलं. उद्या पेपरच्या कचेरीत देते.