तासणे की कोरणे?

बुशक्राफ्टच्या, म्हणजे रानात साध्या हत्यारांनी निभावण्याच्या कलेच्या, सरावासाठी मराठीत टिपणं काढतोय. 'कार्व्हिंग'ला 'कोरणे' लिहिलं, तर नवशिके सुरीचं टोकच लाकडात खुपसायला लागले. कोणता शब्द वापरावा? 'बॅटनिंग' (सुरीवर ठोकून लाकूड फोडणे) आणि 'फेदर स्टिक' (आग पेटवायला पातळ पापुद्रे काढलेली काडी) यांसाठीही सुचवा.

—

नवशिक्यांनी शब्द बरोबरच ऐकला. कोरणे म्हणजे आतलं काढून खोलगट करणे; सुतार ते पटाशीने करतो. काठीला टोक काढताना किंवा खुंटी घडवताना आपण वरचा थर उतरवत जातो. ते तासणे, सुतार वाकसाने करतो ते. पातं लाकडाला जवळजवळ टेकवून, धाग्यांच्या दिशेने ढकलायचं. सुरीच्या टोकाला इथे कामच नाही. मुठीलगतची धार वापरावी, हाताचा जोर तिथेच पुरा उतरतो.

आपली क्रियापदं लाकडाच्या धाग्यांकडे बघूनच घडली आहेत असं मला फार वाटतं. फांदी तोडतात, कारण धागे आडवे तुटतात. ओंडका फोडतात, कारण तो धाग्यांच्या रेषेत उकलतो. म्हणून बॅटनिंगला 'कापणे' नकोच. तिथे सुरी पाचरीचं काम करते, तेव्हा 'सुरीची पाचर मारणे' म्हणा. शब्दातच कृती आली: धार लाकडाच्या माथ्यावर ठेवायची, पात्याच्या पाठीवर जाड दांडक्याने ठोकायचं, दगडाने कधीच नाही. पातं आत गेलं की टोले बाहेर उरलेल्या टोकाकडच्या भागावर बसतात, त्यामुळे लाकूड पात्याच्या लांबीपेक्षा बारीकच हवं. गाठीचं लाकूड बाजूला ठेवा.

फेदर स्टिकला 'ढलपी' चालणार नाही, ढलपी सुटून पडते. इथे प्रत्येक पापुद्रा काडीला धरून राहायला हवा. मी 'पिसारा' म्हणतो: काडीचा पिसारा काढणे. मनगट ताठ, हात खांद्यातून पुढे, आणि आधीच्या फेरीने जी कड उभी राहिली तिच्यावरून पुढची फेरी. पापुद्रे जितके पातळ, तितकी ठिणगी लवकर धरतात.

—

'पिसारा' आवडला. सुरी म्हणावं की चाकू? आणि 'ब्लड सर्कल'?

—

घडीचा तो चाकू, ताठ पात्याची ती सुरी, एवढा भेद टिपणांत पाळावा. या कामाला सुरीच लागते.

'रक्तवर्तुळ' मात्र नको, नुसती भीती घालतं. आपल्याकडे 'टप्पा' आहे: हात लांब केला की सुरीचं टोक जिथवर पोचेल तो टप्पा. त्यात दुसरं माणूस नको. आपल्या मांड्याही टप्प्यातच येतात हे वेगळं लिहा, कारण मांडीच्या आतल्या बाजूची मोठी धमनी कापली तर काही मिनिटांत जीव जातो. बसून तासताना कोपरं गुडघ्यांवर टेकवायची आणि पातं गुडघ्यांच्या पुढेच चालवायचं. माझ्यासोबत शिकणाऱ्यांना मी 'टप्पा मोकळा' असं मोठ्याने म्हणायला लावतो, मगच सुरी म्यानातून निघते.