मदत हवी आहे: हॅरी राइटच्या क्रिकेटबद्दल

नमस्कार मंडळी, मी क्रिकेटवेड्या मुलांसाठी बेसबॉलवाल्या हॅरी राइटवर एक लेख लिहितोय, त्यासाठी जरा मदत पाहिजे. हा माणूस जन्मला इंग्लंडमधल्या शेफिल्डला, १८३५ मध्ये, वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबमध्ये पगारी प्रोफेशनल, आणि हॅरी स्वतः पण तिथे आधी क्रिकेटच खेळायचा. मग १८६९ ला त्याने सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज उभी केली, उघडपणे सगळ्यांना पगार देणारी पहिली टीम, त्याला स्वतःला १२०० डॉलर आणि धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉप (म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर), त्याला १४००! कॅप्टनपेक्षा भावाला जास्त, मला हे फार आवडलं. त्या अख्ख्या वर्षात एकही मॅच हरले नाहीत, शेवटी जून १८७० मध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने ११ इनिंगनंतर ८-७ ने हरवलं. पुढे बॉस्टनला जाऊन १८७२ ते ७५ सलग चार वेळा चॅम्पियन.

आता अडलंय कुठे, तर १८७४ चा इंग्लंड दौरा. बॉस्टन आणि फिलाडेल्फियाच्या टीम्स तिकडे बेसबॉल दाखवायला गेल्या आणि क्रिकेट पण खेळल्या, अगदी लॉर्ड्सवर सुद्धा. त्या क्रिकेट मॅचेसची पूर्ण स्कोअरकार्ड्स, शक्यतो त्या काळच्या पेपरातली, कुठे बघायला मिळतील? हॅरीची बॉलिंग कशी होती याचं कोणी केलेलं वर्णन मिळालं तर सोन्याहून पिवळं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कोणाला लायब्ररीतून जुने पेपर बघता येत असतील तर प्लीज सांगा, ऑगस्ट १८७४ चे अंक आधी बघितले तरी चालेल.