बाजूच्याचा तिसरा मजला चढतोय, आम्हाला विचारायला नको का? (बेलापूर)

पारसिकपायथा
नवी मुंबई, बेलापूर सेक्टर ८, आर्टिस्ट व्हिलेज. बाजूच्यांनी जुनं घर पाडून नवीन बांधायला घेतलं, तळ अधिक दोन झालं, ठीक आहे म्हटलं, पण आता वर पुन्हा कॉलमच्या सळ्या उभ्या दिसतायत म्हणजे तिसरा चढणार. आम्हाला ना पत्र ना निरोप, एक दिवस वाळूचा ट्रक आला तेव्हा कळलं. मागच्या पावसाळ्यापर्यंत वरच्या खोलीतून पारसिकचा डोंगर दिसायचा, पाण्याच्या धारा दिसायच्या, आता सेंटरिंगच्या प्लेटा दिसतात. डोंगराचं एकवेळ जाऊ द्या, किचनमध्ये भर दुपारी बारा वाजता ट्यूब लावावी लागते. माझं म्हणणं एवढंच की घराची उंची वाढणार असेल तर परवानगीआधी आजूबाजूच्या चार घरांना विचारायलाच हवं.

सळईसिमेंट
विचारायचं म्हणजे काय? प्लॉट त्याचा, पैसा त्याचा, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा) शिल्लक असेल तर तो बांधणारच. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, कुठे जायचं त्यांनी, पनवेलच्या पुढे? आणि आर्टिस्ट व्हिलेजचं तर बोलूच नका, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ८० च्या दशकात ती घरं आखलीच मुळी अशी की शेजाऱ्याशी भिंत कॉमन नाही, का, तर ज्याला जसं जमेल तसं त्याने वाढवावं. वाढलं की रडायचं हे कसं चालेल.

पारसिकपायथा
वाढवावं म्हणून ठेवलं, बरोबर. पण सात-सात घरं एका अंगणाभोवती, प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, एवढ्याशा जागेत वाढणं म्हणजे एखादी खोली, गच्चीवर एखादा मजला. चार मजली बिल्डिंग कोरियांच्या डोक्यात नव्हती हो दादा. अंगण आठ बाय आठ मीटर आणि भोवती चार-चार मजले, मग ते अंगण राहतं का विहीर होते?

वकिलीणबाई_सानपाडा
भांडण दोन वेगळ्या गोष्टींचं आहे, कालवू नका. डोंगर दिसण्याचा हक्क आपल्याकडे कुणालाच नाही, कितीही वर्षं बघितलात तरी. उजेड आणि हवा ही वेगळी गोष्ट, १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, त्याच्या कलम १५ प्रमाणे खिडकीतून २० वर्षं अखंड, कुणाच्या परवानगीवाचून उजेड घेत असाल तर हक्क लागू होतो. तोही मोकळ्या अंगणाला नाही, घराच्या खिडकीलाच. आणि थोडं अंधारलं एवढ्याने भागत नाही, खरंखुरं नुकसान दाखवावं लागतं. राहिलं विचारण्याचं. विकास आराखड्यात बदल असेल तर हरकती-सूचना मागवतात, एका घराच्या प्लॅनला शेजाऱ्यांना नोटीस काढायची पद्धत आपल्याकडे नाही. मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा), उंची, एफएसआय नियमात बसतं का एवढंच बघतात.

लेस्टरकर
इकडे इंग्लंडमध्ये उलटं आहे, शेजारी साधी खोली वाढवणार असला आणि परवानगी लागत असेल तर कौन्सिल आम्हाला कळवते, म्हणणं मांडायला २१ दिवस मिळतात. पण गंमत बघा, "माझा व्ह्यू जातोय" लिहिलंत तर ते धरतच नाहीत. उजेड जातो, आमच्या खोलीत डोकावता येतं, घर अंगावर आल्यासारखं वाटतं, हे धरतात. खिडकीच्या मध्यापासून ४५ अंशाची रेघ मारून बघतात बऱ्याच ठिकाणी. आणि उजेडाची २० वर्षं इकडचीच, तुमच्या कायद्यात इथूनच गेली असणार.

सळईसिमेंट
म्हणजे गोऱ्यांकडेसुद्धा व्ह्यू धरत नाहीत. संपला विषय.

नेरूळचीमी
संपला कसा? त्यांच्याकडे निदान आधी कळतं तरी! आमच्या गल्लीत तर भिंत वर आल्यावरच समजलं आमचं टेरेस आता त्यांच्या बेडरूमसमोर आहे, तेव्हापासून टेरेसवर मॅक्सीत जायची सोय राहिली नाही.

सळईसिमेंट
ताई, चार घरांना विचारायला गेलं तर एकजण पार्किंगचं जुनं उट्टं काढणार, दुसरा पाकीट मागणार. हरकत घ्यायची सोय केलीत की तिचा धंदा होतो, सोसायटीच्या एनओसीचं, ना-हरकत पत्राचं, काय झालंय बघताय ना. आणि पारसिकभाऊ, तुमची किचनची खिडकी कधीची ते सांगा की.

पारसिकपायथा
२००९. बाबांनी तेव्हा वरचा मजला चढवला, खाली भाडेकरू ठेवला आणि किचन वर नेलं.

वकिलीणबाई_सानपाडा
मग २० पूर्ण नाहीत. २०२९ ला होतील. त्याआधी भिंत आली तर या खिडकीपुरतं अवघड आहे. खालची मूळ खिडकी असेल तर ती वेगळी.

सळईसिमेंट
आणि २००९ ला मागच्या घराला विचारलं होतंत का? 😀

पारसिकपायथा
नाही विचारलं. मागच्या काकूंचं पापडाचं ऊन गेलं होतं, त्या आईला एकदा बोलल्याही होत्या, आम्ही हसण्यावारी नेलं. कालपासून तेच आठवतंय. पण मग माझा मुद्दा उलट पक्काच होतो ना, तेव्हा कुणी आम्हाला विचारायला भाग पाडलं असतं तर बाबांनी जिना मागच्या बाजूला घेतलाच नसता, पुढे जागा होती.

सळईसिमेंट
हे मात्र प्रामाणिक बोललात. तिसऱ्याला मंजुरी आहे का ते आधी बघा, दोनचीच असेल तर मी तुमच्या बाजूने. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, मंजूर नकाशा मागा.

पारसिकपायथा
टाकतो. पण त्याला उत्तर द्यायची मुदत ३० दिवस, आणि सेंटरिंगवाला म्हणतोय पुढच्या शनिवारी स्लॅब.